पन्हळीतला धूर

माझी वहिनी गटारात धूर सोडते. मी असं सरळ सांगून टाकते म्हणून लोक दचकतात, पण ते तिचं काम आहे आणि त्याचा तिला पगार मिळतो. नगरपालिकेच्या ड्रेनेज खात्यात ती तपासणी पथकाची मुकादम आहे. हाताखाली चार माणसं, एक खटारा गाडी, गाडीत पंख्याचं यंत्र आणि धुराचे डबे. रस्त्यातलं झाकण उघडायचं, त्यावर पंखा बसवायचा, खाली पाईपात धूर ढकलायचा आणि मग माना वर करून लोकांच्या घरांकडे बघत उभं राहायचं. धूर कुठून बाहेर येतो ते टिपून घ्यायचं. दिसायला सोपं काम, पण लोकांच्या शिव्या खायच्या त्या वेगळ्याच.

शिव्यांनी खचेल अशी ती नाही. अंगापिंडाने दणकट, आवाज असा की कोपऱ्यावर बोलली तर माझ्या शिलाईच्या दुकानात ऐकू येतं, आणि विनोद सांगायला लागली की शेवट यायच्या आत स्वतःच हसून मोकळी. जेवायला बसली की आज कुठल्या पाईपात काय सापडलं ते रंगवून सांगते. दादा, म्हणजे माझा भाऊ, ताट उचलून गॅलरीत जातो. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी त्याची सवय मोडली नाही आणि तिचीही नाही. मी मात्र बसून ऐकते. मला आवडतं.

आमचं घर दोन मजली. वर दादा आणि वहिनी. खाली पुढच्या खोलीत माझं शिलाईचं दुकान, त्याला लागून माझी झोपायची जागा आणि मागच्या खोलीत अण्णा. अण्णा म्हणजे आमचे वडील. जन्मभर नळजोडणीचं काम केलं. आता गुडघे गेलेत, त्यामुळे फाटकाशी खुर्ची टाकून बसतात आणि येणाऱ्याजाणाऱ्याला कुठला नळ कसा गळतो ते विचारतात. हे घर त्यांनी स्वतः उभं राहून बांधून घेतलं, त्यातला प्रत्येक पाईप स्वतःच्या हाताने बसवला. आई गेल्यावर दादा म्हणाला वर या, तर म्हणाले, मी खालीच बरा.

आता खरं दुखणं सांगते. आमची गल्ली उताराच्या तळाशी. वरच्या रस्त्यावर मोठी घरं, अंगणं, गच्च्या. त्यांचं मोरीचं सांडपाणी आमच्या गल्लीखालच्या पाईपातून पुढे जातं. तो पाईप सांडपाण्यापुरता आहे, त्याहून जास्त नाही. पण जोराचा पाऊस झाला की छपरांवरचं, अंगणातलं चांगलं साफ पाणीही त्याच पाईपात घुसतं. पाईप गच्च भरतो. मग मैल्याने जायचं कुठे? तो सगळ्यात खालच्या घरातली सगळ्यात खालची मोरी शोधतो आणि तिथून वर येतो. ती मोरी अण्णांच्या खोलीत आहे.

गेल्या वेळी आलं तेव्हा अण्णांची गादी गेली, आईचा फोटो गेला, माझ्या गिऱ्हाइकांचे कपडे गेले ते वेगळेच. तीन बायकांनी तोंड फिरवलं ते अजून फिरवलेलंच आहे. घाण उपसून झाली आणि दादाने जाहीर केलं, पुन्हा एकदा असं झालं की घर विकायचं. नुसतं बोलला नाही, दलालाला घेऊन आला. दलाल खोल्या मोजत हिंडला आणि अण्णा भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. मला इतका संताप आला की मी दलालाच्या हातातली मोजपट्टी ओढून घेतली. वहिनीने ती माझ्याकडून काढून त्याला परत दिली, त्याला दारापर्यंत पोचवलं आणि आत येऊन दादाला म्हणाली, "मला एक वर्ष दे. तोवर जमलं नाही तर सामान मीच बांधते."

तेव्हापासून ती इरेला पेटली. कोणाच्या छपराचा पाईप गटारात उतरतो ते शोधायचं, ते पाईप तोडून पावसाच्या गटाराकडे वळवायचे आणि जमिनीखाली फुटलेले जोड बदलायचे, एवढं झालं की पाईप मोकळा. पण एवढ्याला लागतो निधी, आणि नगरपालिकेच्या तिजोरीत खडखडाट. राज्याची एक समिती अशा कामांना पैसे देते. तिच्याकडे अर्ज करायचं ठरलं. वहिनीच्या खात्यात एक तरुण इंजिनिअर आहे, सडपातळ, शांत, कानामागे कायम पेन्सिल. त्याला सगळे पेन्सिलसाहेबच म्हणतात. तो हुशार आहे आणि वहिनीचं त्याच्याशी चांगलं जमतं. दोघांनी बसून अर्ज केला. मथळा दिला, 'साफ पाणी हटाव योजना.'

ड्रेनेजच्या माणसांना यात काही वावगं वाटलं नाही. त्यांच्या खात्यात साफ पाणी म्हणजे शत्रूच. पण अर्ज वर गेला तो नेमका पिण्याच्या पाण्याच्या टेबलावर. तिथल्या कोणीतरी भल्या माणसाने कळवलं, की नागरिकांचं साफ पाणी हटवण्यासाठी शासन पैसे देत नाही, आणि आपल्या शहराला असं का करावंसं वाटतं याचा खुलासा करावा. वहिनीने ते आम्हाला वाचून दाखवलं आणि हसता हसता खुर्चीवरून पडायची बाकी राहिली. मग कागद टेबलावर टाकला. एवढे दिवस फुकट गेले होते.

दुसरं नाव काय द्यायचं यावर घरात खल झाला. मला आमचे लांबचे मामा आठवले. न कळवता यायचे, पहिल्या पंगतीला बसायचे, आणि घरची माणसं ताटं धरून उभी. आई त्यांना आगंतुक म्हणायची. मी म्हटलं, तुमचं ते साफ पाणी म्हणजे आमचे मामाच की. वहिनीने टाळी दिली. नवा अर्ज गेला तो 'आगंतुक पाणी' नावाने, आणि या वेळी बरोबर टेबलावर पोचला. पथकातल्या माणसांना मात्र 'मामा'च आवडला. धुराच्या तपासणीत कुठल्या पन्हळीतून धूर निघाला की ते ओरडायचे, "मामा आले." त्यांच्या नोंदीतही म्हणे एकाने तसंच लिहिलं आणि पेन्सिलसाहेबाने गुपचूप खोडलं.

समितीचं उत्तर आलं. आम्ही येऊन डोळ्यांनी बघू, मगच ठरवू. शिवाय वरच्या रस्त्यावरच्या घरमालकांची पाईप तोडायला संमती पाहिजे. बघायला येणार म्हटल्यावर वहिनी घरात नाचली, अक्षरशः नाचली, आणि संमतीचं वाचून मटकन खाली बसली. कारण वरच्या रस्त्यावर कर्नल होते.

कर्नल कधी सैन्यात नव्हते. मिशा आणि हुकूम सोडायची पद्धत यावरून ते नाव पडलं. त्यांनी सही केली तर सगळा रस्ता करणार आणि नाही केली तर कुणीच नाही. वहिनी त्यांच्याकडे जाऊन आली. ते म्हणाले, आमच्या छपराचं पाणी पावसाच्या गटारात जातं, नवं गटार झालं तेव्हाच वळवलंय, उगाच आमच्या भिंती फोडू नका. असं सगळ्यांनाच वाटत होतं. पूर्वी शहरात एकच गटार होतं, मोरीचं आणि पावसाचं पाणी एकत्र जायचं, नियमच तसा होता. पुढे पावसाचं गटार वेगळं झालं तेव्हा रस्ता खोदणाऱ्यांनी सगळे पाईप तिकडे वळवले, अशी समजूत. वहिनीचं म्हणणं, वळवलेच नाहीत. कर्नल म्हणाले, दाखवा.

मग काय, ती कामालाच लागली. समिती यायच्या आदल्या दिवशी घरोघर हिंडली. मोरीत बादलीभर पाणी ओतून ठेवा, म्हणजे मोरीच्या वळणात पाणी साठतं आणि धूर घरात येत नाही. धूर विषारी नाही. कोणाला दमा असेल तर तेवढा वेळ बाहेर बसा. मागे एकदा असं न सांगता तपासणी झाली होती तेव्हा एका आजीबाईंनी आगीचा बंब बोलावला होता. म्हणून या वेळी वहिनीने बंबवाल्यांनाही आधीच कळवलं. त्यांनी विचारलं, आम्ही बघायला आलो तर चालेल का? ती म्हणाली, या की.

त्या सकाळी आमच्या घरात कोणाला धड बसवत नव्हतं. वहिनीने चहा केला आणि प्यायला विसरली. मी दुकान बंद ठेवलं. अण्णांनी दाढी केली, स्वच्छ सदरा घातला आणि म्हणाले, मला वरच्या कोपऱ्यावर न्या. मी खुर्ची उचलली, ते माझ्या खांद्यावर हात ठेवून, थांबत थांबत, चढ चढून आले. वरचा रस्ता जिथे सुरू होतो त्या कोपऱ्यावर त्यांना बसवलं. तिथून वरचा अख्खा रस्ता दिसतो आणि खाली आमची गल्लीही.

समितीची माणसं आली. अध्यक्षबाई वयस्क, पांढऱ्या केसांच्या, बोलायला मऊ. त्यांच्याबरोबर चष्मा कपाळावर चढवलेला एक तरुण अधिकारी आणि आणखी एकजण, जो शेवटपर्यंत काही बोलला नाही. रस्त्यावर ही गर्दी. वरच्या रस्त्यावरची मंडळी फाटकांत उभी, बंबवाले भिंतीवर चढून बसलेले, कर्नल हाताची घडी घालून आघाडीवर.

पद्धत अशी की तपासायच्या टप्प्याच्या दोन्ही टोकांना वाळूच्या गोण्या घालून पाईप बुजवतात, म्हणजे धूर तेवढ्यातच राहतो. वहिनीने वरच्या टोकाला गोणी घातली आणि खालच्या टोकाला घालू दिली नाही. पेन्सिलसाहेब म्हणाला, घालूया. ही म्हणाली, नको, धूर आमच्या गल्लीतही जाऊ दे. वरच्या रस्त्यावर पन्हळीतून धूर आणि खालच्या गल्लीत पन्हळी कोरड्या, हा फरक एका नजरेत दिसला की समितीला दुसरं काही सांगावं लागणार नाही. आमच्या गल्लीची ती हमी देत होती. राहते ना तिथे.

पंखा सुरू झाला. आधी शेजारच्या झाकणांच्या भोकांतून धूर आला. मग घरांच्या मागून, छपरावर जाणाऱ्या उंच नळ्यांतून. वहिनी अध्यक्षबाईंना समजावत होती, की ती मोरीचा वास वर सोडणारी नळी आहे, तिथून धूर येणं बरोबरच. पन्हळीतून आला तर मात्र पकडला. बाई मान हलवत ऐकत होत्या. आम्ही सगळे माना वर करून उभे होतो.

आणि पहिल्याच घराच्या छपराच्या कडेने पांढरा धूर सांडायला लागला. पथकातला एकजण बेंबीच्या देठापासून ओरडला, "मामा आले." बंबवाल्यांनी टाळ्या पिटल्या. मी पण पिटल्या, खोटं कशाला बोलू.

तेवढ्यात माझ्याशेजारी खुर्चीत बसलेले अण्णा म्हणाले, आता निळ्या फाटकाचा येईल, उजव्या कोपऱ्यातून. आणि आला. उजव्याच कोपऱ्यातून. मी त्यांच्याकडे बघितलं. ते म्हणाले, आता गच्चीवाला, त्याचे दोन पाईप आहेत, मागचा आधी. मागचाच आधी आला. भिंतीवरच्या बंबवाल्यांच्या कानावर हे गेलं. ते खाली उतरून अण्णांभोवती जमले. अण्णा बोट दाखवायचे, सगळे तिकडे बघायचे, आणि तिथून धूर निघाला की एकच गलका. अण्णांचे डोळे चमकत होते. आई गेल्यापासून मी त्यांना इतकं खुशीत बघितलं नव्हतं. पुढे कोण, पुढे कोण, असं बंबवाले विचारत होते आणि ते सांगत होते. मग पुढचं घर सांगायला बोट उचललं आणि ते बोट तसंच राहिलं. हळूच हात मांडीवर घेतला आणि गप्प झाले. मी विचारलं, काय झालं, चक्कर येतेय का?

हे सगळं चष्मेवाल्या अधिकाऱ्याने पाहिलं होतं. तो अध्यक्षबाईंच्या कानाशी लागला. बाईंनी वहिनीला जवळ बोलावलं. ते गृहस्थ कोण? वहिनी म्हणाली, माझे सासरे. मग चष्मेवाल्याने विचारलं, की धूर निघायच्या आधीच त्यांना घर आणि कोपरा कसा कळतो? तो म्हणाला, "हे सगळं आधी बसवून ठेवलंय का? मामा बनवताय का आम्हाला?"

मामा हा शब्द ऐकून पथकातला एकजण फिसकन हसला. नेमका तेव्हाच हसायचं होतं त्याला. चष्मेवाल्याचा चेहरा लालबुंद झाला. कर्नल पुढे सरसावले आणि म्हणाले, मी आधीपासून सांगत होतो, नाटक आहे.

वहिनीने अण्णांकडे बघितलं. अण्णांनी मान खाली घातली होती. आणि मी बघत असताना तिच्या लक्षात आलं. माझ्याही आलं, पण तिच्यानंतर. वरच्या रस्त्यावरची नळजोडणी कोणी केली होती? आमच्याच अण्णांनी. त्या काळी या भागात दुसरं कोण होतं? छपराचे पाईप गटाराला जोडायचा नियम होता तेव्हा त्यांनी ते जोडले होते, एकेक करून, आणि नंतर कोणीही ते वळवले नव्हते. धूर निघाला तसतसे त्यांना आपले जुने पाईप दिसत गेले, म्हणून ते हरखले. आणि मग त्यांना कळलं, की इतकी वर्षं आपल्या खोलीत येणारं पाणी आपणच जोडून दिलेल्या वाटेने येतंय.

पेन्सिलसाहेब हळूच म्हणाला, खरं काय ते सांगा, लगेच मिटेल. एका वाक्याचं तर काम होतं. पण समोर सगळा वरचा रस्ता उभा होता. त्यांच्या घरात अण्णा उभं आयुष्य कामाला जात होते. अजून ती माणसं वाटेत भेटली की थांबून अण्णांची चौकशी करतात. वहिनी म्हणाली, "त्यांना कसं कळतं ते मी सांगणार नाही. तुम्हाला काय लिहायचं ते लिहा."

मला वाटलं तिचं डोकं फिरलं. मी तिला कोपर मारलं. वर्षभर जिवाचं रान केलं, निधी हातातोंडाशी आला, तो गेला की घर जाणार हे तिला माझ्याइतकंच माहीत होतं. जिच्या तोंडाला कधी कुलूप लागलं नाही ती आज ओठ घट्ट मिटून उभी होती. अध्यक्षबाई नाइलाजाने म्हणाल्या, मग ही तपासणी आम्हाला धरता येणार नाही. बोलत नव्हता तो तिसरा माणूस गाडीकडे चालायलाही लागला.

माझ्या खांद्यावर जोर पडला. अण्णा उठत होते. उभे राहिले, श्वास घेतला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले.

"बाई, हे पाईप मी जोडलेत. या रस्त्यावरचे सगळे. म्हणून मला कळतं. नवं गटार झाल्यावर वळवले असतील असं वाटलं होतं, पण कधी येऊन बघितलं नाही. सुनेचा यात काही दोष नाही."

अण्णांनी कर्नलकडे बघितलं आणि म्हणाले, तुमचा अजून आला नाही, कारण तुमचा जिन्याखालून फिरवलाय, त्याला वेळ लागतो. कर्नल वळून घराकडे बघायला लागले. आम्हीही बघायला लागलो. थोडा वेळ काहीच नाही. मग जिन्यावरच्या छपराच्या टोकाला एक बारीक रेघ निघाली, जाड झाली, आणि कर्नलांच्या फुलझाडांवर धूर उतरायला लागला. कोणीतरी हसलं, मग सगळेच हसले. कर्नलांच्या मिशाही हलल्या.

त्या हशातच खालून कोणीतरी हाक मारली. आम्ही वळून गल्लीकडे बघितलं. एका घराच्या छपराच्या कोपऱ्यातून धुराचा लोट निघत होता, वरच्या कुठल्याही घरापेक्षा दाट. अध्यक्षबाईंनी विचारलं, ते कोणाचं घर? गोणी न घालण्याचा हट्ट वहिनीचाच होता.

"आमचं," ती म्हणाली. "आणि ती वासाची नळी नाही. पन्हळच आहे."

चष्मेवाल्याने चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला आणि नीट बघितलं. अध्यक्षबाईंनी अण्णांना विचारलं, पाणी वर येतं ते तुमच्याच खोलीत ना? अण्णा हो म्हणाले. तोही पाईप मीच जोडला, असंही म्हणाले, पण हे अगदी हळू, आणि वरच्या रस्त्याकडे न बघता. बाईंनी चष्मेवाल्याला सांगितलं, स्वतःच्या छपरावर कोणी असलं नाटक बसवत नाही, तपासणी धरा. तो म्हणाला, चुकलं माझं, आणि वहिनीची माफी मागितली. मला तो तेव्हापासून जरा आवडायला लागला आहे.

कर्नल अण्णांच्या समोर येऊन उभे राहिले. मला वाटलं आता तोंडसुख घेणार, आणि मी उत्तर तयार ठेवलं होतं. पण ते एवढंच म्हणाले, अण्णा, हे काम आम्ही तुमच्याकडून मुद्दाम करून घेतलं होतं, चांगलं करता म्हणून. अण्णा म्हणाले, चांगलंच केलं होतं. आता तेवढंच चांगलं काढून देतो, मी खुर्चीवर बसून सांगेन, ही कापेल. कर्नलांनी वहिनीकडे सहीसाठी हात पुढे केला. तिला पेन सापडेना, सगळे खिसे उलटे केले, शेवटी पेन्सिलसाहेबाने कानामागची पेन्सिल काढून दिली. पेन्सिलीने केलेली सही चालत नाही असं चष्मेवाला म्हणाला आणि स्वतःचं पेन काढून दिलं.

उगाच टांगून ठेवत नाही, सांगून टाकते. पैसे मंजूर झाले. वरच्या रस्त्यावरच्या सगळ्यांनी सह्या केल्या, आणि आता रोज कुठे ना कुठे खोदाई चालू असते. वहिनी धुळीने माखून घरी येते, जेवताना पाईपांच्या गोष्टी सांगते, आणि दादा गॅलरीत जातो. पण मला सांगायची आहे ती त्याच दिवशी दुपारची गोष्ट. तेव्हा पैशाचा पत्ता नव्हता आणि समितीची गाडी नुकतीच गेली होती.

अण्णांना घरी आणलं तर त्यांना आत जायचंच नव्हतं. अंगणात, त्यांच्या खिडकीशेजारी जिथे छपरावरून आलेला पाईप जमिनीत शिरतो, तिथे खुर्ची टाकायला लावली. वहिनीला म्हणाले, करवत आण. ती म्हणाली, अण्णा, आज दमलात, उद्या करू. ते ऐकेनात. मग तिने करवत आणली आणि खाली बसून पाईप कापायला लागली. मग ती मान वर न करता म्हणाली, तुम्ही बोलला नसतात तरी मी काहीतरी केलं असतं. अण्णा म्हणाले, काय केलं असतंस, सामान बांधलं असतंस. ती नुसती करवत चालवत राहिली.

पाईप काही तुटेना. ती घामाघूम झाली. अण्णा पुढे वाकून बघत होते. म्हणाले, जोडावर नको मारू, तो सुटायचा नाही, मी बसवलाय. वीतभर वर काप. ते म्हणताना त्यांचा चेहरा असा झाला, की हसावं का रडावं ते मला कळेना. तिने वर कापलं. पाईप कट्कन निघाला आणि जमिनीतल्या भोकातून उरलासुरला धूर बाहेर आला. अण्णांनी स्वतः वाकून त्याच्यावर झाकण दाबून बसवलं. मग छपरावरून आलेल्या पाईपाच्या खालच्या टोकाला फाटकाकडे तोंड करून एक वाकडा तुकडा जोडायला लावला.

दादा एव्हाना कामावरून आला होता. काय झालं ते त्याला कोपऱ्यावरच कळलं होतं. कोणाला काही न विचारता तो बादल्या घेऊन छपरावर चढला. अण्णा म्हणाले, ओत. वरून पाणी धो धो उतरलं, पाईपाच्या नव्या तोंडातून अंगणात पडलं आणि फाटकाकडे धावलं. अण्णा खुर्चीवरून उठले. मी हात पुढे केला तो त्यांनी घेतला नाही. पाण्याच्या बाजूबाजूने, भिंतीला धरून, ते फाटकापर्यंत गेले, फाटकाबाहेर गेले, आणि पाणी रस्त्याच्या कडेच्या पावसाच्या गटारात पडेपर्यंत तिथे उभे राहिले.

पाऊस लागला की दादा वरच्या मजल्यावरून खाली ओरडून विचारायचा, आलं का? अण्णांच्या मोरीतून मैला वर आला का, असा त्याचा अर्थ. त्या दुपारी छपरावरून त्याने तेच विचारलं, सवयीने. त्याला विचारायचं होतं, की पाणी फाटकाशी पोचलं का.

"आलं का, अण्णा?"

अण्णांनी वर बघितलं नाही. गटाराकडेच बघत म्हणाले, "नाही आलं रे. गेलं."

वहिनी करवत हातात धरून मटकन अंगणातच बसली आणि मोठमोठ्याने रडायला लागली. तिचा आवाज तुम्हाला माहीतच आहे. वरच्या रस्त्यापर्यंत ऐकू गेला असणार.